भर दुपारचा कापश्या

लोटू पाटलानं कापडावर खडू टेकवला की तिथे डाग असतोच, हे सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीतल्या तिन्ही खात्यांना ठाऊक होतं. खातं म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. मागावरून उतरलेला कोरा ताका, म्हणजे कापडाचा तागा, त्याच्या टेबलावर यायचा. टेबलाला काच, काचेखाली ट्यूबलाइट. लोटू कापड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत राही, सावकाश, एकाच लयीत. कुठे ताण्याचा उभा धागा तुटलेला, कुठे आडवा बाणा सुटलेला, कुठे तेलाचा थेंब, ते त्याच्या डोळ्याआधी त्याच्या बोटाला कळे. मग खडूची एक लहानशी फुली. त्या फुलीवर सोळा वर्षं कुणी वाद घातला नव्हता. दीडशे मागांच्या खडखडाटात त्याचा आवाज ऐकू जात नसे, पण त्याची फुली सगळ्यांना ऐकू जायची.

असा हा माणूस, वय त्रेचाळीस, मिशा पिकायला लागलेल्या, आणि त्याचं मन एका खेळात अडकलेलं होतं.

दोन हजार तीन साली लोटू आणि त्याचा धाकटा भाऊ बळीराम साक्रीकडच्या गावातून सुरतेला आले तेव्हा त्यांनी तापीकाठच्या जुन्या बाजारातून हातात धरायचा एक खेळ आणला होता. करडा डबा, हिरवट पडदा, त्यात रंग नाही की उजेड नाही. खिडकीशी धरला तरच दिसायचा. आत एक पोरगा रानोमाळ हिंडतो, गवतातून विचित्र जनावरं निघतात, त्यांना जाळं टाकून धरायचं, माणसाळवायचं, आणि गावोगावच्या वस्तादांशी झुंजवायचं. सगळं लिहिलेलं जपानीत. दोघा भावांना त्यातलं एक अक्षर कळेना. तेव्हा त्यांनी त्या खेळाला नाव दिलं रानगडी, आणि प्रत्येक जनावराला आपल्या बोलीतलं नाव ठेवलं. चिखलाच्या गोळ्यासारखा एक होता तो चिखल्या. चोच वाकडी तो कावऱ्या. आणि एक होता अगदी दुर्मिळ, वासराएवढा, ज्याच्या डोक्यावर शिंगांच्या जागी फुटलेली बोंडं होती, पांढरीशुभ्र, वेचणीला आलेल्या कापसासारखी. तो कापश्या.

खोली एक, गादी एक, डबा एक. लोटू दिनपाळीला, बळीराम रातपाळीला. एक उठायचा तेव्हा दुसरा निजायचा. त्यामुळे त्या रानातला तो पोरगा दोघांच्या हातून चालला. लोटूनं संध्याकाळी जिथे थांबवला, तिथून बळीरामनं सकाळी पुढे नेला. दोघांचं आपसात बोलणं कमी व्हायचं, पण डबा उघडला की कळायचं, भाऊ काल कुठवर गेला होता, कुणाला हरवलं, कुणाकडून हरला.

आणि एका रजेच्या दिवशी, भर दुपारी एकच्या सुमाराला, दगडी पुलाखालच्या वाळलेल्या नदीत, चिखल्याला चार डाव समोर नुसतं बसवून, लोटूनं कापश्या धरला. बळीराम तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. लोटूनं त्याला हलवून उठवलं आणि दोघे भाऊ त्या खोलीत नाचले. खालचा घरमालक वर येऊन विचारून गेला की लग्न कुणाचं आहे.

दोन हजार सहाच्या पुरात खोलीत छातीभर पाणी आलं आणि तो डबा गेला. पुरावा काही उरला नाही. उरली लोटूची आठवण, आणि ती त्यानं वीस वर्षं ताक्यासारखी घडी घालून जपली.

मग एक दिवस त्याची मुलगी वृषाली कॉलेजातून आली आणि चप्पल काढायच्या आत म्हणाली, "पप्पा, तुमचा रानगडी परत आलाय. नवा बनवलाय. फोनवर."

खेळाचं इंग्रजी नाव ती एका दमात म्हणायची. लोटूच्या जिभेवर मात्र रानगडीच राहिला. तिनं आपला जुना, काच तडकलेला फोन त्याला दिला. लोटूनं हात धुतले, चष्मा पुसला आणि गादीवर मांडी घालून बसला. पहिलं गवत हललं तेव्हा त्यानं फोन डोळ्यांजवळ आणला. वीस वर्षांपूर्वी जे गवत चार काळ्या रेघांचं होतं, ते आता हिरवंगार वाऱ्यावर डुलत होतं. पुलाच्या दगडांवर शेवाळ होतं. पलीकडच्या तळ्यात ढग दिसत होते.

"कसा वाटतो?" वृषालीनं विचारलं.

"थांब," लोटू म्हणाला. "पूर्ण ताका बघितल्याशिवाय मी बोलत नसतो."

महिनाभर त्यानं खेळ तपासला. मग बोलायला लागला आणि वृषालीनं ते बोलणं फोनमध्ये भरून घेतलं. तिनं त्याचं एक चॅनेल काढलं. लोटू अर्ध्या मराठीत, अर्ध्या अहिराणीत सांगायचा: रंग झकास, पण पहिल्या गावातल्या म्हाताऱ्याची बडबड फार वाढवलीय. पूर्वी तो एक वाक्य बोलून गप्प बसायचा आणि आपल्याला काही कळायचं नाही, तेच बरं होतं, आपलं आपण शोधायचो. वाजंत्री तीच ठेवली, फक्त तिच्यात आता खरी बासरी आहे. झुंजी सोप्या केल्या, पोरांना हरायची सवय राहिली नाही बहुतेक. पण चिखल्याच्या डोळ्यांत जी माया आणलीय तिला तोड नाही, ज्यानं ते डोळे काढले त्याच्या घरी म्हैस असणार.

लोक ऐकू लागले. लिंबायतचे, उधन्याचे, सचिन गावच्या कारखान्यांतले, थेट धुळ्या-अमळनेरचे. "तात्या, आज कोणता तुकडा तपासला?" असं कुणीतरी रोज विचारी. लोटूची मान नकळत ताठ झाली.

आणि तिथेच त्यानं ती फुली मारली.

पाचव्या भागात तो म्हणाला, "या ताक्यात एक मोठी खोट आहे. कापश्या काढून टाकलाय. मी दर रजेला, भर दुपारी, पुलाखालच्या नदीत बसून राहिलो. आला नाही. जुन्या खेळात मी स्वतः भर दुपारी धरला होता. नव्या कारागिरांनी माल आखूड भरलाय. मी सांगतो म्हणजे खोट आहेच."

दुसऱ्याच दिवशी डिंडोलीच्या चेतनचं उत्तर आलं. चेतन चोवीस-पंचविशीचा, घर खानदेशी पण बोलणं अर्धं हिंदी, त्याच्या चॅनेलला लाखभर माणसं. त्यानं पडद्यावर रात्रीची नदी दाखवली. चांदण्यात कापश्या उभा होता, बोंडं चमकत होती. चेतननं जाळं टाकलं, कापश्या वाऱ्यासारखा पळाला. मग चेतन कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "देखो, आहे की नाही? फक्त रात्री बारानंतर येतो. जुन्या खेळातही रात्रीच यायचा, त्या खेळाची जुनी पुस्तकं बघा. आपल्यापैकी कुणालाच अजून तो धरता आलेला नाही. आणि आपले एक काका म्हणतात, त्यांनी भर दुपारी धरला! काका, सपना तो नहीं देखा ना?"

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. कुणी लिहिलं, काकांनी जुना खेळ कधी हातातच धरला नाही. कुणी लिहिलं, दुपारी ताडी घेतली असेल.

घरात उज्ज्वला, लोटूची बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आयकं का? लोके हसी ऱ्हायनात तुमले."

"हसू दे," लोटू म्हणाला. पण पोळी ताटात तशीच राहिली.

खरं दुखलं ते सोमवारी. योगेंद्र नावाचा कारागीर, बावीस नंबरच्या मागावरचा, आपला ताका घेऊन टेबलाशी आला. लोटूनं तिसऱ्या मीटरवर फुली मारली. योगेंद्रनं वाकून बघितलं, आजूबाजूच्या दोघांकडे डोळा मारला आणि मोठ्यानं म्हणाला, "तात्या, हा डाग खराखुरा आहे, की कापश्या आहे?"

हसू टेबलाटेबलावरून पुढे गेलं. डाग होता. सुटलेला बाणा, बोटभर लांब. योगेंद्रलाही तो दिसत होता. पण सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लोटूच्या फुलीकडे संशयानं बघितलं होतं. त्या आठवड्यात आणखी दोघांनी "परत एकदा बघा" म्हटलं. मुकादमानं एक ताका दुसऱ्या टेबलाकडे फिरवला. लोटूला कळलं, इथे खेळाचा प्रश्न उरलेला नाही. ज्याचा शब्द एका ठिकाणी खोटा पडतो, त्याची फुली सगळीकडे पुसट होत जाते.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं बळीरामला फोन लावला. बळीराम आता गावी पिठाची गिरणी चालवतो. मागे पट्ट्याची फडफड ऐकू येत होती.

"बळ्या, कापश्या आपण दुपारे धरा व्हता ना?"

"दुपारेच. तू माले उठाडं व्हतं. माले आठवस ना!"

"मंग आते तो रातले कसाले येस?"

गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. मग बळीराम हसायला लागला. असा हसला की लोटूनं फोन कानापासून लांब धरला.

"भाऊ, त्या डबामा घड्याळ व्हतं. सुरुवातले एक म्हतारा जांभई दे आनि टाईम इचारे, आठवस? तो टाईम मी लायं व्हता."

"बरोबर लायं व्हता ना?"

"मन्हा हिशोबमा बरोबर. मी रातपाळीले. मन्हा दिन संध्याकायले सात वाजता उगे. म्हनीसन मी तठे सकायना सात लाया."

लोटू उभा होता तो खाली बसला. जे कोडं आहे हेही त्याला तेवीस वर्षं ठाऊक नव्हतं, ते सुटलं होतं. त्या करड्या डब्याला रंग नव्हता, रात्र काळी दिसायची नाही. जपानी वाचता येत नव्हतं. बाहेर लिंबायतेत भर दुपार असताना, त्या डब्यात रात्रीचा एक वाजलेला होता. कापश्या त्याच्या वेळेवरच आला होता. वेळ चुकली होती ती या दोघा भावांची.

"मंग माले कसाले नही सांगं?"

"कवय सांगतू? तू दिनपाळीमा, मी रातपाळीमा. आपली भेटच कवय व्हये?"

वृषालीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, तो पाचवा भाग काढून टाकू. कुणाच्या लक्षातही राहणार नाही. चार दिवसांत लोक विसरतात."

लोटूनं मान हलवली. त्या गल्लीतल्या खात्यांत एक रीत आहे. तपासणाऱ्याची फुली चुकीची निघाली, तर ती तो गुपचूप पुसत नाही. कारागिराला बोलावतो, त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हातानं पुसतो, आणि मग हात झटकतो. लोटूनं सोळा वर्षांत तीनदा, चूक स्वतःच ओळखून, पुसली होती. ते तिन्ही कारागीर आजही त्याला आधी नमस्कार करत.

"चालू कर," तो म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. खोली, गादी, दोन पाळ्या, जांभई देणारा म्हातारा, बळीरामचा सकाळ-संध्याकाळचा हिशेब. "नव्या कारागिरांनी माल पूर्ण भरलाय. खोट माझ्या टेबलात होती. मी फुली पुसली." असं म्हणून त्यानं खरोखरच तळहात झटकले. मग म्हणाला, "पण धरला होता, हे खरं. त्यावरची फुली मी पुसणार नाही."

पुष्कळांनी पुन्हा चिडवलं. पण काहींनी वेगळंच लिहिलं. सचिन गावाहून एकानं लिहिलं, माझा बाप बारा वर्षं रातपाळीला होता, सकाळी सात वाजता आम्हाला 'शुभ रात्री' म्हणायचा. अशी पन्नासेक उत्तरं आली. आणि त्यांच्या मागोमाग चेतनचा फोन.

"तात्या," तो म्हणाला. 'काका' गेलं होतं. "माणूस तुम्ही दिलदार आहात. पण धरला होता, त्याचं काय? आम्ही सगळे जिथे हरलो तिथे तुम्ही जिंकला होतात म्हणता. मग धरून दाखवा. मी येतो तुमच्या गल्लीत, माझ्या चॅनेलवर, सगळ्यांसमोर. रात्री बाराला बसू?"

"रात्री लोकांच्या पाळ्या असतात," लोटू म्हणाला. "रविवारी ये. दुपारी एकला."

"दुपारी तो येत नाही, तात्या! परत तेच?"

"त्याची रात्र मी तुला दुपारी आणून देतो. बळीरामसारखी."

चेतननं सांगितलं की फोनचं घड्याळ फिरवलं तर नवा खेळ रुसतो, पूर्ण एक दिवस दुर्मिळ जनावरं दिसू देत नाही, म्हणून कुणी त्या भानगडीत पडत नाही. लोटू म्हणाला, "मग शनिवारी सकाळीच फिरवू. एक दिवस रुसू दे. माणसंही रुसतात." शनिवारी सकाळी वृषालीनं त्या तडकलेल्या फोनचं घड्याळ बारा तास उलटं लावलं आणि तो देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिला. त्या दिवशी कुणी त्याला हात लावला नाही.

रविवारी खाती बंद. गल्लीत इतकी शांतता असते की कुकरची शिट्टी चार घरांपलीकडे ऐकू जाते. चेतन बाइकवर आला, उंच, केस रंगवलेले, पाठीवर सामानाची बॅग. त्यानं लोटूच्या ओट्यावर स्टँड लावला आणि फोनमधलं चित्र एका मोठ्या टीव्हीवर आणलं. टीव्ही समोरच्या घरातून चौघांनी उचलून आणला होता. खात्यातली माणसं आली. योगेंद्र आला, हाताची घडी घालून भिंतीला टेकला. बायका पायऱ्यांवर बसल्या. बळीराम गावाहून फोनवर होता, उज्ज्वलाच्या हातात.

"तात्या, जाळं कोणतं वापरणार?" चेतननं विचारलं. "मी सोन्याचं वापरलं होतं. सगळ्यात महाग."

"साधं."

"साध्यानं कावऱ्याही सापडत नाही, तात्या."

लोटूनं खेळ उघडला. टीव्हीवर चांदणं पडलं. बाहेर ऊन इतकं कडक की ओट्याची फरशी तापलेली, आणि त्या पडद्यावर रात्र. दगडी पूल. वाळू. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मागून कुणीतरी कंटाळून गुजरातीत म्हणालं, "नथी आवतो, घेर जाओ." लोटूचा अंगठा एका लयीत त्या पोराला वाळूतून पुढे-मागे चालवत राहिला, जसं तो कापड ओढायचा.

मग वाळू हलली. आणि कापश्या उभा राहिला.

गल्लीचा श्वास एकदमच अडकला. लोटूनं तेवीस वर्षांनी त्याला बघितलं, आणि पहिल्यांदाच रंगात बघितलं. बोंडं पांढरी होतीच, पण त्यांच्या बुडाशी हिरवी पाती होती, आणि डोळे काळेभोर, पाणी भरलेले. पण त्याचं बोट हललं नाही.

"टाका, तात्या, टाका! पळेल!" चेतन ओरडला.

लोटूनं चिखल्याला पुढे केलं. चिखल्या, ज्याला एकच कला येते: बसून राहणं. लोक हसले. पहिला डाव, चिखल्या बसला. कापश्यानं कान टवकारले. दुसरा डाव, चिखल्या बसला. कापश्या एक पाऊल पुढे आला. तिसरा. कापश्यानं वास घेतला. चौथा. उज्ज्वला फोनवर डाव मोजून सांगत होती.

"जुन्यामा चारच!" फोनमधून बळीराम किंचाळला. "चारनंतर टाक, भाऊ!"

जाळं टाकायचं बटण लोटूच्या अंगठ्याखाली होतं. चार डाव झाले होते. जुना हिशेब पूर्ण होता. पण लोटू टीव्हीकडे बघत होता तसा तो काचेवरच्या कापडाकडे बघायचा. कापश्याच्या उजव्या बाजूचं एक बोंड, शेवटचं, अजून ताठ होतं. बाकीची मऊ पडली होती. ते एक थरथरत होतं. जुन्या पडद्यावर हे कधी दिसलंच नसतं. नव्या कारागिरांनी ते मुद्दाम काढलं होतं, ज्याला डोळा असेल त्याच्यासाठी.

"थांबा," तो म्हणाला. आणि चिखल्याला पाचव्यांदा बसवलं.

"गेला," चेतन हळूच म्हणाला. "आता पळणार."

कापश्या वळला. अर्धा वळला. कापश्या आज गेला तर लोटूची प्रत्येक फुली जन्मभर हसण्यावारी जाणार होती. मग कापश्या परत फिरला, दोन पावलं आला, आणि चिखल्याशेजारी वाळूत बसला. शेवटचं बोंड हळूच खाली झुकलं.

लोटूनं साधं जाळं टाकलं.

जाळं एकदा हललं. दोनदा हललं. तिसऱ्यांदा हललं नाही.

पडद्यावर चांदण्या फुटल्या आणि गल्लीत जो आरडाओरडा झाला तो गल्लीबाहेरच्या सर्कलपर्यंत गेला असेल. चेतन स्वतःचा स्टँड पाडून नाचायला लागला. तो कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडत होता, "धरला! तात्यांनी धरला! साध्या जाळ्यानं, भर दुपारी!" बायकांनी थाळ्या वाजवल्या. उज्ज्वलाच्या हातातला फोन बडबडत होता, तिकडे बळीरामनं गिरणीतल्या गिऱ्हाइकांनाही ओरडायला लावलं होतं. योगेंद्र भिंतीपासून निघाला, गर्दीतून वाट काढत आला आणि लोटूच्या पायाशी वाकला.

"अरे, वर ऊठ," लोटू म्हणाला. "उद्या बावीस नंबरचा ताका आण. धागा दाबून धरणारी दाबणी सैल आहे तुझी, बाणा तिथेच सुटतो. मी येऊन दाखवतो."

"येतो तात्या, सकाळीच येतो."

"तुम्हाला पाचवा डाव कसा कळला?" चेतननं विचारलं, दम लागलेला. "कुठल्याच पुस्तकात नाही."

"बनवणाऱ्यानं लिहून ठेवलंय की," लोटू म्हणाला. "तुम्ही जाळ्याकडे बघता. मी मालाकडे बघतो."

फोनमधून बळीरामचा आवाज आला. तो आता ओरडत नव्हता. "भाऊ, त्याले जरा चालाड ना. माले दखनं शे. तो चालस कसा?"

नव्या खेळात धरलेलं जनावर आपल्या मागे मागे चालतं. चेतननं उज्ज्वलाच्या हातातल्या फोनचा कॅमेरा चालू करून टीव्हीसमोर धरला आणि बळीरामला दाखवला. लोटूनं अंगठा हलवला. पोरगा पुलावर चढला आणि त्याच्या मागून कापश्या, बोंडं डुलवत, पाय मोजून टाकत. पूल ओलांडला. रस्त्यानं पहिलं गाव आलं. लोटूनं त्याला प्रत्येक घरासमोरून नेलं, विहिरीवरून नेलं, त्या बडबड्या म्हाताऱ्याच्या दारावरूनही नेलं. पळवायचं बटण होतं, ते त्यानं दाबलं नाही. भर उन्हात अख्खी गल्ली टीव्हीसमोर उभी होती, आणि एकाही माणसानं त्याला लवकर चला म्हटलं नाही.